तर

रात्रभर मी काय करते, हे चांगुणाबाईंना सांगताना
माझीच जीभ अडखळली.
कारखाना नाही, कॉल सेंटर नाही.
"परक्यांच्या वाक्यांत स्वल्पविराम घालते," म्हटलं शेवटी.
त्या ओट्यावर जवळा निवडत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"एकाचं किती देतान?"

मी हिशेब केला. खरंच केला.
पानाला अकरा रुपये, पानावर साधारण सतरा,
म्हणजे रुपयाला दीड.
"सस्ता हाय," त्या म्हणाल्या. "त्यापरीस जवला परवडला."

ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत
मिस्किटा सरांनी पहिल्याच दिवशी पढवलं होतं:
वाक्य सुरू होण्याआधी जे जे येतं,
एखादं 'तथापि', एखादं 'दरम्यान',
'पुढल्या मंगळवारी सकाळी', 'नवरा दवाखान्यात असताना',
त्याच्या टोकाला ही शेपूट लावायची.
कर्ता त्यानंतर घरात येतो.
आधीचं सगळं म्हणजे उंबऱ्यापाशी चपला काढणं.

आमच्या परभणीत चपलांसकट आत यायचे लोक.
ऊन उतरल्यावर ये म्हणायचे एका दमात,
आणि कुणीही कशाला अडखळून पडलं नाही.

इथे मात्र सगळे पडलेलेच असतात.
विम्याचे कागद, दूरच्या थंड गावांतले.
बर्फाच्या पायरीवरून घसरल्यावर,
तळघरात पाणी शिरल्यामुळे,
शेजाऱ्याचं झाड कोसळताच,
आणि माझं काम तिथे संपतं.
पुढे काय झालं ते मी वाचत नाही.
वाचलं तर पानं होत नाहीत.

"दाव तरी," चांगुणाबाई म्हणाल्या.
मी लॅपटॉप ओट्यावर आणला, अक्षरं मोठी केली.
त्या वाकल्या. चष्मा नव्हता.
"यो तं जवला!"

आणि सुपातला एक उचलून
पडद्यावरच्या स्वल्पविरामाशेजारी धरला.
डोकं काळं, कणा वाकलेला, शेपूट खाली.
वादच नव्हता.

"आनि याचं काम काय?"
"नळाला पाणी आलं..." मी सुरुवात केली.
"तं भरून ठेवू," त्या म्हणाल्या.
"तो 'तं' तुम्ही बोललात ना, तो ते गिळतात.
गिळल्या जागी ही खूण."
त्यांना वाईट वाटलं त्या लोकांचं.
"येवरी मोठी मानसं, आनि तं नाय."

मग बराच वेळ बोटं नुसतीच सुपात फिरली.
"आमच्या खाडीला व्हती तर."
मला वाटलं, व्याकरणच चाललंय अजून.
त्या होडीबद्दल बोलत होत्या.
दिव्याच्या धक्क्यावरून पल्याड मुलुंडच्या बाजूला,
वल्ही मालकांच्या हातात,
पाट्या मधोमध, बाया कडेने,
भरतीला थांबायचं, ओहोटीला चिखलात उतरायचं.

"पूल झाला तवा"

एवढंच.
सवयीने मी तिथे शेपूट लावली, मनातल्या मनात,
आणि कर्त्याची वाट बघत बसले.
कुणाची तरी टाकी भरून गच्चीवरून पाणी सांडत होतं.
मांजर आलं, सुपाला तोंड लावून गेलं,
त्यांनी हाकललं नाही.

"मालकांनी तर इकली.
त्या पैशाची ही खोली बांधली.
जीत बसून तू जवला मांडतंस."

सूप झटकून त्या उठल्या.
"भाडं पाच तारखेला," जाताना म्हणाल्या,
एका दमात.

त्या रात्री तिसऱ्या फायलीत
'आग विझल्यानंतर' आलं.
मी स्वल्पविराम घातला आणि, पहिल्यांदाच, पुढे गेले.
विमाधारक बाईने अंगणात उभं राहून
कुत्र्याला हाका मारल्या, असं लिहिलं होतं.
कुत्र्याचं पुढे काय, ते कागदात नव्हतं.
अकरा पानं व्हायची होती, पाच झाली.

पडद्याशी धरलेला तो जवळा
कीबोर्डच्या फटीत पडलाय, बहुतेक शिफ्टच्या बटणाखाली.
काढता येईल पिनेने.
दमट हवेत वास येतो त्याचा,
मिस्किटा सरांना नाही येत.